एक जूनची माणसं

ते गुरुवारी गेले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. चहा झाला होता, वर्तमानपत्र वाचून झालं होतं. मी वाचनालयाच्या किल्ल्या शोधत होते. त्यांनी हाक मारली. मी खोलीत गेले तेव्हा ते गेले होते.

एवढंच लिहायचं असतं, हे मला त्यांनीच शिकवलं. "माणूस कुठं जन्मला, काय केलं, कधी गेला. विशेषणं काढली की माणूस दिसायला लागतो," असं ते म्हणत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला घर केलं, आणि पुढची बारा वर्षं ते दुसऱ्यांच्या लेखांतली विशेषणं काढत बसले. मी शेजारच्या खुर्चीवर असायचे.

इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, असा तो आहे. प्रत्येक लेखाच्या मागं एक चर्चा पान असतं. लेखातल्या मजकुरावर दोघांचं पटलं नाही की ते तिथं येऊन भांडतात. नदीवरच्या लेखावर कुणी फारसं भांडत नाही. आजोबांवरच्या लेखावर भांडतात. माणसांवरचे लेख, त्यातही आपल्या भागातल्या माणसांवरचे, हे ह्यांच्याकडं आलेलं काम होतं. कुणी नेमलं नव्हतं. दोघं भांडत असताना तिसऱ्यानं शांतपणे बोलावं लागतं, आणि ह्यांना शाळेतली सवय होती.

दुपारी तीनला ते संगणक लावायचे. खिडकीतून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर सोयाबीनच्या पोत्यांची वाहनं दिसायची. ते एका बोटानं टाइप करत. मी चर्चा पानावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे, कारण त्यांना पडद्यावरची बारीक अक्षरं त्रास द्यायची. वाचता वाचता मी आवाज बदलायचे. रागावलेल्या नातवाचा एक, वकिली थाटात लिहिणाऱ्याचा एक. ते हसायचे नाहीत, पण टाइप करायचे थांबायचे. ते थांबले म्हणजे हसले, हे मला माहीत होतं.

माझं काम पुस्तकांचं. मी तीस वर्षं ग्रंथपाल होते, इथल्या वाचनालयात अजूनही सकाळी जाते. कुणाचा तरी सत्कार, कुणाची तरी साठी, कुठल्या तरी शाळेचा सुवर्णमहोत्सव, अशा स्मरणिका दुसरीकडं रद्दीत जातात. आमच्याकडं त्या कपाटात आहेत. एखाद्या वादात छापील पुरावा हवा असला की ते नुसतं माझ्याकडं बघायचे. दुसऱ्या दिवशी पिशवीतून मी दोन-तीन जुने अंक आणायचे.

कधी वाद फोनवरून यायचे. माकणीकडच्या एका गृहस्थांचा फोन मला अजून आठवतो. त्यांच्या आजोबांवर कुणीतरी चार ओळींचा लेख लिहिला होता, त्यात शेतकरी एवढंच म्हटलं होतं.

"गुरुजी, आमच्या आज्याला पैलवान लिवा की."

"कुठं छापून आलंय का?"

"छापायचं कशाला? अख्ख्या गावाला म्हाईत हाय."

"मग अख्खं गाव छापून आणा," हे म्हणाले.

मग ते गृहस्थ म्हणाले, "लई खट हायसा तुमी," आणि महिन्याभरानं खरंच एका यात्रेच्या कुस्त्यांचं जुनं हस्तपत्रक घेऊन घरी आले. आज त्या लेखात पैलवान आहे, आणि खाली हस्तपत्रकाचा संदर्भ आहे.

भांडण मिटवायची त्यांची एक रीत होती. ती त्यांनी वर्गातून आणली होती. दोन मुलं मारामारी करून आली की ते म्हणायचे, तू ह्याची बाजू सांग, आणि तू त्याची. ज्याची बाजू आहे त्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय स्वतःची बाजू मांडायची नाही. ज्ञानकोशातही त्यांनी तेच चालवलं. एका दिवंगत पुढाऱ्याच्या दोन घरच्या मुलांचं भांडण सहा महिने चाललं होतं. रोज एकानं दुसऱ्याच्या आईचा उल्लेख काढायचा, रोज दुसऱ्यानं पहिल्याच्या. ह्यांनी दोघांना समोरच्याची बाजू लिहायला लावली. थोरल्या घरच्या मुलानं लिहिलं, "त्यांचं म्हणणं असं आहे की त्यांच्या आईनंही याच माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली." त्यानंतर कुणी काही काढलं नाही.

ही रीत सगळ्यांत चांगली उचलली ती एका सदस्यानं. त्यांचं सदस्यनाव एका नक्षत्राचं होतं, म्हणून आम्ही घरात त्यांना नक्षत्र म्हणायचो. कुठं राहतात, काय करतात, आम्हांला माहीत नव्हतं. पहिल्यांदा आले तेव्हा फार तापट होते, समोरच्याला एका वाक्यात गप्प करायचे. ह्यांनी त्यांच्याशी दोन वर्षं हळूहळू लिहून त्यांना ताळ्यावर आणलं. आठवण म्हणजे संदर्भ नव्हे, ऐकीव गोष्ट कितीही खरी असली तरी ती लेखात जात नाही, हे सगळं त्यांना ह्यांनीच सांगितलं. नक्षत्र शिकले. आमच्या चहात ते रोज असायचे, आणि ते आम्हांला दिसले कधीच नाहीत.

आता मला एक जूनबद्दल लिहायला हवं.

आमच्या भागात एका पिढीची जन्मतारीख एक जून आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांना ज्ञानकोश चाळताना वाटेल की या जिल्ह्यात बायका फक्त जूनच्या पहिल्या दिवशी बाळंत होत. तसं नव्हतं. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पटासाठी घरोघर हिंडायचे. आईबापांना पोराचं वय सांगता यायचं नाही, सांगता यायचं ते हुरडा, पाऊस, लग्न, अमक्याची म्हैस व्याली तो आठवडा. मग गुरुजी पोराला उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सहा वर्षं वजा करून साल लिहायचं, आणि महिना-तारखेच्या जागी एक जून.

त्यामुळं आमच्याकडं एकतीस मेला शाळाशाळांतून एकाच वेळी निरोपाचे समारंभ होतात. ह्यांची तारीखही एक जूनच. ह्यांच्या समारंभाला जो हार आला तो सकाळी दुसऱ्या शाळेत एका हेडमास्तरांच्या गळ्यात पडून आलेला होता. ह्यांनी तो हुंगून बघितला आणि भाषणात म्हणाले, "हा हार माझ्यापेक्षा अनुभवी आहे." त्यांच्या आईला विचारलं तर ती म्हणायची, "जोंधळा हुरड्यात आल्ता तवा झाला." हुरडा काही जूनमध्ये नसतो. पण त्याचं आम्हांला दोघांनाही कधी काही वाटलं नाही. वाढदिवस करायची आमच्याकडं पद्धतच नव्हती.

काही वाटलं नाही, ते ती आली तोवर.

चैत्रातली गोष्ट. तामलवाडीच्या बाजूच्या एका गावात हे तरुणपणी एकशिक्षकी शाळेवर होते, शिक्षकही तेच आणि मुख्याध्यापकही तेच. तिथली त्यांची एक विद्यार्थिनी. आराधी गाणी गाते, म्हणजे देवीच्या भक्तांच्या मेळ्यात रात्रभर म्हणतात ती. रेडिओवर गायली, पुढं परगावच्या कार्यक्रमांतून गायली, एक पुरस्कारही मिळाला. ज्ञानकोशात तिच्यावर लेख आहे. आता ती पन्नाशीच्या पुढं आहे. ती दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, वळकलं का?"

"हात वर कर," हे म्हणाले.

ती हसली. पिशवी खाली ठेवली, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरून दाखवला. हात लांब होता. कान धरून उरला.

"वळकलं," हे म्हणाले. "बस."

ती बसली. मी पाणी दिलं. तिनं आडवळण घेतलं नाही.

"गुरुजी, ती तारीख काढा. माझ्या लेखातली. जावयानं पाच बारी बदलली, कुणीतरी पुन्यांदा तीच टाकतंय. जावई म्हणतोय, तिथं तुमचा शबूद चालतो."

मला माहीत होतं, तारीख परत टाकणारे नक्षत्र होते, आणि नियमानं टाकत होते. पुरस्काराच्या पुस्तिकेत एक जून छापलं होतं. जावयाकडं काही छापील नव्हतं.

"तारीख मीच लिहिली होती, पोरी," हे म्हणाले.

"म्हाईत हाय की. म्हणून तर तुमच्याकडं आले. ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवावी."

"इतक्या वर्षांनी काय अडलं तुझं?"

तिनं पदर सारखा केला. "दर साली एक जूनला फोन येत्यात. पोरं हार घिऊन येत्यात, केक कापायला लावत्यात. माझ्या तोंडाला क्रीम फासत्यात. आन् मला एकच सुचतं. त्या दिवशी मी पोटात व्हते, गुरुजी. आई जिती व्हती. रानात धसकटं येचायला जात व्हती म्हणं, मावशी सांगायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले आन् ती गेली. आमचा दोघींचा तो एकच दिस. तुमी तो काढून मला शाळंचा दिस दिला."

खिडकीबाहेर एक ट्रॅक्टर गेला. हे आपल्या बोटाकडं बघत होते, ज्या बोटानं टाइप करायचे त्या.

"सहा पूर्ण व्हायला तीन महिने कमी होते तुझे," ते म्हणाले. "हात लांब होता. मला कळलं होतं. पण त्या वर्षी बसवली नसती तर तुझ्या बापानं पुढच्या वर्षी पाठवली नसती."

"त्याचं वंगाळ वाटत न्हाय मला. शाळंत घातलं म्हणून तर गाणं लिवून ठिवता आलं. तारखंचं म्हणते मी."

"तिथं माझ्या सांगण्याला किंमत नाही. छापील पाहिजे."

"मग छापा की. तुमी मास्तर हायसा."

"पोळ्याच्या आत करतो."

"कंच्या सालच्या, ते बी सांगून ठिवा," ती म्हणाली आणि उठली. चहा तिनं निम्माच घेतला होता. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, ह्यास्नी याद द्या बरं का."

ती गेल्यावर ह्यांनी संगणक लावला. त्या लेखाच्या चर्चा पानावर त्यांनी लिहिलं ते मला पाठ आहे. "या लेखातली जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरमध्ये मी लिहिलेली आहे. ती अंदाजाची आहे. त्यामुळे मी या वादात पक्ष ठरतो आणि निर्णय देऊ शकत नाही." बारा वर्षांत ते पहिल्यांदाच एखाद्या वादातून बाजूला होत होते.

दुसऱ्या दिवशी नक्षत्रांचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. या वेळी आवाज बदलला नाही. "गुरुजी, आपल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आठवण हा संदर्भ नव्हे, हे मला आपणच सांगितलं आहे."

"पुन्हा वाच," हे म्हणाले. मी वाचलं.

"चांगला तयार झालाय," ते म्हणाले, आणि चप्पल घालून बाहेर पडले. उन्हाचे कुठं गेले होते ते मी विचारलं नाही.

छापायचं म्हणजे त्यांनीच वर्तमानपत्रात लेख लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. एक जूनची सगळी रीत सांगायची, आपणही तेच केलं हे सांगायचं. कागद घेऊन बसले. "मी मुख्याध्यापक असताना" एवढं लिहिलं. मग आठ दिवस तो कागद टेबलावर होता. मी तो काचेच्या पेपरवेटखाली ठेवला, नाहीतर पंख्यानं उडायचा.

"लिहा की," मी म्हणायचे.

"माझ्या वर्गातली पोरं नोकऱ्यांत आहेत. त्यांची नोकरी त्या तारखेवर चालते. उद्या कुणी म्हणालं, गुरुजीच सांगतात तारखा खोट्या आहेत, तर?"

"नावं कुठं घालायची आहेत? आणि तुम्ही एकटे नव्हता. सगळेच करत होते."

"सगळेच करत होते, हे लिहवत नाही," ते म्हणाले.

मला वाटतं, नोकऱ्यांची काळजी खरी होती, पण निम्मीच. बाकीची निम्मी लाज होती. जन्मभर मुलांना खरं लिहा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या आयुष्याची पहिली ओळ आपण बनवून लिहिली. ते हे बोलले नाहीत. मी समजून घेतलं, आणि गप्प राहिले. आता वाटतं, गप्प राहायला नको होतं. मी शेजारी बसून लिहून घेतलं असतं तर लेख एका दुपारचा होता.

ज्येष्ठ गेला. आषाढात एकदा त्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा ठेवला. मग तो गुरुवार आला.

ते गेल्यावर अनेक ठिकाणी कळवावं लागलं. पेन्शनच्या कार्यालयात, बँकेत, मुलीच्या सासरी. एका फॉर्मवर जन्मतारीख विचारली होती. मी एक जून लिहिलं. पाचव्या दिवशी मला आठवलं की एका ठिकाणी कळवायचं राहिलं आहे. ज्ञानकोशात माझंही एक खातं होतं, फारसं न वापरलेलं. त्यातून मी त्यांच्या चर्चा पानावर लिहिलं, "ते गुरुवारी गेले. मी त्यांची पत्नी. वाचून दाखवायचे ती मीच." दुसरं काही सुचलं नाही. बटण दाबल्यावर लक्षात आलं की या पानावर कुणीही काहीही लिहू शकतं, आणि मी कुठलाही पुरावा दिलेला नाही.

संध्याकाळी नक्षत्रांनी खाली लिहिलं होतं, "यासाठी मी संदर्भ मागणार नाही."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

नवव्या दिवशी ती आराधी गाणारी आली. माझ्याजवळ जमिनीवर बसली. आमच्याकडच्या बायका अशा वेळी मोठ्यानं बोलतात, ती बोलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी हात वर कर म्हणले, तवा मला वाटलं मी चारच फुटाची हाय."

तारखेचा विषय तिनं काढला नाही. मीच काढला.

"ऱ्हाऊ द्या आता ते, बाई. माणूसच न्हाय, तारीख कुठं घिऊन बसता."

"त्यांनी शब्द दिला होता."

"शबूद त्यांचा व्हता. तुमचा न्हाय."

"मी शेजारीच बसले होते की," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

नियम मला माहीत होता. माणसानं स्वतःबद्दल जे सांगितलं आणि ते एखाद्या जाणत्या जागी छापून आलं, तर जन्मासारख्या गोष्टीला तो संदर्भ चालतो. ह्यांनी लेख लिहायची गरजच नव्हती. तिची मुलाखत छापून आली असती तरी पुरलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण गाठ आपण मारली म्हणून आपणच सोडवायची, असं त्यांनी मनात घेतलं, आणि त्यात तीन महिने गेले.

महिना झाल्यावर मी तिच्या गावी गेले. तिच्या ओसरीवर बसून दोन दुपारी तिची मुलाखत घेतली, वहीत लिहून. शेवटी तिला वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी तिनं हात वर केला.

"काय म्हणलासा? दुर्दैवी आई? ते काढा. माझी आई दुर्दैवी नव्हती. मावशी म्हणायची, लई तापट व्हती. पाटलाच्या तोंडावर इळा फेकल्ता तिनं."

मी दुर्दैवी काढलं. तापट आणि इळा दोन्ही ठेवलं. हे असते तर म्हणाले असते, तापटही काढ, इळा पुरे आहे.

मग दुसरं एक ठिकाण आलं. मी लिहिलं होतं, "गावच्या मुख्याध्यापकांनी हात कानाला लावून बघितला आणि रजिस्टरमध्ये एक जून लिहिली."

"हे बी काढा," ती म्हणाली.

"का?"

"नाव नसलं तरी गावात समद्यांस्नी कळंल. मानसाला जाऊन आत्ता कुठं महिना झालाय. लोक म्हणतील, बायकूनंच छापलं."

"ते काढलं तर तारीख का चुकली, हे कुणाला कळणार नाही. लोक म्हणतील, आता मोठी झाली म्हणून वय बदलतेय."

"तुमाला चालतंय?"

मला चालत नव्हतं. पण जे ह्यांना तीन महिने लिहवलं नाही ते एवढंच वाक्य होतं. "राहू द्या," मी म्हणाले.

आणखी एक काम होतं. छापून आल्यावर नक्षत्र मानतील की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून ह्यांची रीत वापरायचं मी ठरवलं. चर्चा पानावर मी नक्षत्रांना लिहिलं, तुम्ही त्या बाईंची बाजू लिहा, मी त्यांच्याकडून तुमची लिहून घेते. तिला मी फोनवर विचारलं, "तारीख परत टाकणारा माणूस तसं का करतो, असं तुला वाटतं?"

"माझ्यावर खार खाऊन," ती म्हणाली.

"तसं नाही. गुरुजींच्या वर्गात बसल्यासारखं सांग."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आज मी येऊन सांगितलं, माझी आई अमक्या दिवशी गेली. उद्या दुसरी कुणी येईल आन् म्हणंल, मी देवीच्या घरी जल्मले. ज्याला त्याला हवं तसं लिवलं तर माझं खरं बी त्यात बुडून जाईल. म्हणून तो माणूस दाराशी बसलाय." मी ते शब्द न बदलता घातले.

नक्षत्रांनी तिची बाजू दोन ओळींत लिहिली. "त्यांना स्वतःचा वाढदिवस नको आहे. त्यांना आईचा दिवस परत हवा आहे." मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर." तिच्या शब्दांखाली नक्षत्रांनीही लिहिलं, "बरोबर." आणि पुढं, "छापून आलं की बदल मी स्वतः करीन."

मुलाखत मी जिल्ह्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवली. पोळ्याच्या आधी दोन रविवार होते. पहिल्या रविवारी ती आली नाही. मी फोन केला तेव्हा पुरवणी बघणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, पोळ्याचा विशेष अंक आहे, बैलांचे फोटो फार आलेत. पुढच्या वेळी नक्की." पोळ्याच्या आधीच्या रविवारी बैलांचे फोटो आले. पोळा झाला. दुसरा दिवस गेला. त्या दिवशी ती दर वर्षीसारखी आईला नैवेद्य दाखवून घरी बसली असेल. मी फोन केला नाही. काय सांगणार होते?

पुढच्या रविवारी मुलाखत आली, निम्मी कापून. रेडिओचा भाग गेला होता, पुरस्कार गेला होता, इळा गेला होता. कान धरायचं वाक्य होतं. पोळ्याचा दुसरा दिवस होता.

तिला फोन केला. "ह्यांचा शब्द चार दिवसांनी चुकला," मी म्हणाले.

"पुढचा पोळा हाय की, बाई," ती म्हणाली. "आई कुठं जातीया?" मग म्हणाली, "इळा का काढला त्येनी?"

त्याच दुपारी नक्षत्रांनी बदल केला. लेखाच्या कडेच्या माहितीच्या चौकटीत साल आणि एक जून तसंच राहिलं, पुढं कंसात "शालेय नोंद" असं आलं. मजकुरात एक ओळ नवी आहे. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, आणि त्याच दिवशी त्यांच्या आईचं निधन झालं. खाली पुरवणीचा संदर्भ. जुनं पंचांग माझ्याकडं आहे, त्यातून इंग्रजी तारीख काढता आली असती. नक्षत्रांनी नको म्हटलं, आणि तिनंही. तिचं म्हणणं, बैलांना पुरणपोळी घातली की दुसरा दिवस तिचा, तारीख कशाला.

गावातून दोन-तीन फोन आले. एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "बाई, आमच्या तारखेला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. एकजण नुसता म्हणाला, "गुरुजींनी माझा बी कान धरायला लावल्ता," आणि बराच वेळ ते सांगत राहिला. कुणी वाईट बोललं नाही. ह्यांना ज्याची भीती वाटत होती ते काही घडलं नाही, आणि हे त्यांना सांगता येत नाही.

मी इथं कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. त्यामुळं या लिहिण्याचा कुणाला संदर्भ म्हणून उपयोग नाही. हे त्यांनी सगळ्यांत आधी दाखवून दिलं असतं.

त्यांची खरी जन्मतारीख मला माहीत नाही. त्यांच्या आईच्या हुरड्यावरून मी पौष धरते. टेबलावर पेपरवेटखाली "मी मुख्याध्यापक असताना" एवढं लिहिलेला कागद आहे. दुपारी तीनला मी संगणक लावते, माझ्याच खुर्चीवर बसते, आणि मोठ्यानं वाचते. आज तीन लेखांवरचे वाद माझ्याकडं आहेत.